रविवारचा पाऊस

आमची जिल्हा परिषदेची मराठी शाळा नि शेजारची उर्दू शाळा, दोघीत एकच भिंत. पण नऊ वर्षांत मी पलीकडं जाऊन कधी चहा घेतला नाई, खोटं काहून बोलू? मग वरून कागद आला, दोन्ही शाळांनी मिळून हवामान बदलावर धडा तयार करा. दुसऱ्याच दिवशी उर्दू शाळेच्या शाइस्ता मॅडम आमच्या ऑफिसात उभ्या.

"पंजाबराव सर, तुमच्याकडे पावसाची वही आहे म्हणे?"

होती ना! शाळेमागं पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठले त्यातलं पाणी मोजायचं नि मिलिमीटर लिहायचे. नऊ वर्षांची वही, सारी माझ्या अक्षरात. साहेब आले का मी ती पहिले पुढं करो, नि साहेब पाठ थोपटत.

मॅडमनं वही चाळली. "सर, हे तर सोनं आहे!"

मी असा फुगलो का विचारू नका. आठ दिवस आमी दोघं रोज सुट्टीनंतर बसलो. गावात जो तो म्हणे, आताशा पाऊस झिमझिम पडतच नाई, एकदम कोसळते नि निघून जाते, मंग पेरलेलं वाळते. ते खरं का खोटं, पोट्ट्यायनंच शोधावं, हा मॅडमचा डाव. पावसाचा एक दिवस म्हणजे भिंतीवर खडूचा एक चौकोन, दर वर्षाची वेगळी ओळ. दिवस खरंच कमी झाले असतील, त चौकोन कमी दिसतील.

धड्याच्या दिवशी दोन्ही शाळांचे पोट्टे भिंतीले भिडले. तासभर खडू चालला. आन् पाहतो त काय, चौकोन कमी झालेच नाई! मॅडम चक्रावल्या. तेवढ्यात कुर्बान भाजीवाल्याची लुबना, सहावीतली, हात वर करून उभी राहिली.

"सर, वहीत इतवारले पाणी पाच नाईतर दहाच काहून येते? बाकी दिवशी त तीन, अकरा, काहीबी. आन् इतवारले आमी बाजारात बसतो. इतक्या इतवारी आमी भिजलोच नाई."

चोराच्या मनात चांदणं. शनिवारी शाळा सुटली का मी अमरावतीले घरी पळो. रविवारचं पाणी मोजते कोण? सोमवारी जे भरलेलं सापडे, त्याचे दोन तुकडे करो. पाच नाईतर दहा रविवारच्या नावावर, उरलेलं सोमवारच्या. बेरीज बरोबर, मंग काय बिघडते? बिघडत होतं ना, बाप्पा! एका दिवसाच्या पावसाचे मी दोन दिवस करून राहिलो होतो, नि धडा दिवस मोजायचाच होता.

"लुबना, बैठ जाओ!" मॅडम रागावल्या. "सरांनी नऊ वर्षं मेहनत केली आहे. तूच चुकीचं मोजलं असशील. पूस ते."

पोट्टीचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी, हातात फडकं. ती आपलेच चौकोन पुसू लागली. मी गप राहिलो असतो त झाकून गेलं असतं. पण खरं बोलणारी पोट्टी माझ्यापायी खोटी ठरून राहिली होती. मले ते सोसवलं नाई.

"थांब, बेटा," मी म्हणलो. "तू बरोबर आहे. रविवारचे आकडे मी मनानं लिहिले."

मंग आमच्या पाचवीतला देवमन हळूच म्हणाला, "सर, आमी गणित उतरवलं त तुमी कान पिळता."

"आज तू माझा कान पीळ," मी म्हणलो. कोणी हसलं नाई. मॅडम माझ्याकडं पाहत नव्हत्या, अन् तेच जास्त लागलं.

पोट्ट्यायनं सारे रविवार पुसले, सोमवारही पुसले. भिंतीले भोकंच भोकं पडली. खाली मॅडमनं दोन्ही भाषेत लिहिलं, 'अजून पक्कं सांगता येत नाही.' माझी नऊ वर्षं त्या एका ओळीत बसली.

त्या रविवारी मी सकाळी सहाची एसटी धरली. पाऊस सुरू होता. शाळेमागं गेलो, त लुबना डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन उभी. भाजीचा बाजार सोडून आली होती.

"सर, मले वाटलं तुमी येणार नाई."

"आलो ना, बाई." मी मापाच्या नळीत पाणी ओतलं, डोळ्यासमोर धरलं. "लिही, सात पूर्णांक चार."

तिनं लिहिलं नाई. माझ्या हातातून नळी घेतली, स्वतःच्या डोळ्यासमोर धरली, लय वेळ पाहिली. मले राग यायले पाहिजे होता. मी त तिच्या अंगावर छत्री धरून गुमान उभा राहिलो.

"हाव सर, सात पूर्णांक चार," ती म्हणाली, अन् माझ्या वहीत तिच्या अक्षरात आकडा लिहिला.