बाबांच्या डाव्या गालाकडे निघालेला निरोप

गाल

माझ्या लग्नाला तीन आठवडे होते. बाबांनी सकाळच्या कॉफीचा घोट घेतला आणि तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर आला. पेर्सिदा आत्या हसली. बाबाही हसले, पण फक्त उजवीकडे.

मग कुणीच हसलं नाही.

खिडकी

"व्हॅनची खिडकी कुणी उघडली होती?" आत्याने विचारलं.

समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा आरपार गेला की माणूस कामातून गेला, हे आम्ही मुळाक्षरांआधी शिकतो. आणि आदल्या दिवशी बाबांच्या बँडच्या व्हॅनमध्ये खिडकी उघडली होती रास्त्कोने. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने.

"आत्या, फार उकडत होतं हो."

"उकडून कुणी मेलंय का? दादाचं तोंड घालवलंस! गावातला पहिला ट्रम्पेट!"

"मेलो नाहीये अजून," बाबा अर्ध्या तोंडाने म्हणाले.

पुन्हा गाल, उझित्से शहरातल्या डॉक्टरीणबाईंसमोर

"भुवया वर करा."

उजवी गेली. डावी जागची हलली नाही.

"छान."

"त्यात छान काय?" आत्या.

"पक्षाघाताचा झटका असता तर कपाळ बहुधा हललं असतं. मेंदू शाबूत आहे, निरोप धाडतोय. निरोप नेणारी नस कानामागच्या हाडातल्या बोळातून जाते. ती तिथे सुजलीय, आणि हाड काही सरकून जागा देत नाही."

"म्हणजे वारा कानातून शिरला."

"वाऱ्याचा काही संबंध नाही, बाई."

"ती खिडकी लावा आधी, मग बोलू."

बाबांनी एकच विचारलं, "लग्नाच्या दिवशी पोर घरातून निघताना मला वाजवता येईल?"

"गोळ्या घ्या. बहुतेकांची नस सावरते. कधी, ते मात्र नसच ठरवते."

जीभ

तीच नस जिभेच्या पुढच्या भागाची चवही वाहते. बाबा मिरचीची चटणी डावीकडे ठेवायचे: काही नाही. उजवीकडे ढकलायचे: आग! दिवसभर हाच खेळ.

कान

तीच नस कानातला एक इवलासा स्नायू आवरून धरते. ती ढिली पडली की आवाज वाढतात.

बाबांना आत्या दुप्पट ऐकू येऊ लागली.

ट्रम्पेट

फुस्स. रोज, धान्याच्या कोठारात. ओठाच्या कोपऱ्यातून वारा निसटायचा, सूर धरायचा नाही.

"द्रागिशाला सांगा वाजवायला," शेवटी बाबा म्हणाले. द्रागिशा शेजारच्या गावचा ट्रम्पेटवाला. वीस वर्षं बाबांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तेव्हा आम्हाला खरी भीती वाटली.

बोट

लग्नाची सकाळ. फाटकात रास्त्को, शेजारी द्रागिशा, ट्रम्पेट पुसून तयार. बाबा उंबऱ्यावर उभे राहिले आणि एकदा, शेवटचं म्हणून, फुंकलं.

फुस्स.

त्यांच्यापुढे अंगणात उतरलेली मी वळले आणि त्यांच्या ओठाचा डावा कोपरा बोटाने दाबून धरला.

सूर आला. जाडाभरडा, पण आला.

बोट काढलं तर तो जाणार. म्हणून मी बाबांकडे तोंड करून मागे मागे चालत अंगणातून निघाले.

"नवरी कधी उलटी निघते का?" आत्या किंचाळली.

"अहो, कशीही येऊ द्या!" फाटकातून रास्त्को.

अर्ध्या वाटेवर बोटाखाली काहीतरी थरथरलं. माशी बसून उडावी इतकंच. मग पुन्हा, जरा जोराने.

"बाबा! गाल!"

त्यांना बोलता येत नव्हतं, ते वाजवत होते. डोळे मात्र भरले, दोन्ही. गाणं संपलं तरी ते थांबले नाहीत. जागच्या जागी उभं राहून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मीही बोट काढलं नाही. द्रागिशाने ट्रम्पेट काखेत मारला आणि टाळ्यांनी ठेका धरला.

रास्त्को तेवढा फाटकात ताटकळत राहिला.