गुडघाभर पाणी

दोन हजार पाचच्या महापुरात धोंडुबाई सहा दिवस बुद्धविहाराच्या गच्चीवर बसून होती. अख्खी वस्तीच होती. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला आणि कागदावर आलं : ‘बौद्धवस्ती, गुडघाभर पाणी, एक दिवस.’

“कुणाच्या गुडघ्यानं मोजलं?” धोंडुबाई कडाडली. “उंटाच्या?”

कुरुंदवाडपासून कोसावरचं हे गाव. वस्ती नदीला चिकटून, गाव वर चढावर. वस्तीतली संघप्रिया कोल्हापुरात एमेस्सी करून आली आणि दर रविवारी विहारात हवामानाचा वर्ग घेऊ लागली. पहिल्याच दिवशी धोंडुबाईनं तिला अडवलं.

“पाऊस वरनं पडतो, ह्ये शिकाय कोल्हापूरला गेलतीस व्हय?”

“न्हाय आज्जी. पडतो समद्यांवर, मग आधी बुडतं कोण, ते शिकाय गेलते.”

मग संघप्रियानं सांगितलं, की कारखान्यांचा, मोटारींचा धूर हवा तापवतो आणि महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळायला लागतो. धोंडुबाईनं मान वळवून वस्तीकडं बघितलं. “आपल्यात मोटार कुणाची हाय गं?”

“आकारामची लुना हाय की,” कुणीतरी म्हणालं.

“ती तर ढकलतच न्यावी लागती. तिचा धूर कसला!” विहार हसला. धोंडुबाई मात्र हसली नाही. “म्हंजे धूर त्येंचा आन् बूड आमचं वलं!”

त्या दिवसापासून ती वर्गाला पहिल्या रांगेत बसू लागली. पुढं मोजणी सुरू झाली. भिंतींवर गाळाची रेघ अजून होती. घरोघर जाऊन पाणी कुठवर चढलं, किती दिवस राहिलं, सुटकेची नाव कधी आली, हे सगळं संघप्रिया वहीत लिहून घ्यायची. पासष्टीची धोंडुबाई स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरायची आणि खालच्यांना शिव्या घालायची. वरच्या आळीत माजी सरपंच हंबीररावांच्या दारात दुसऱ्याच पायरीला रेघ सापडली. नाव त्यांच्याकडं पहिल्या दिवशी, वस्तीत सहाव्या.

ग्रामसभेत संघप्रियानं वही वाचली. तालुक्याचे साहेब म्हणाले, “हा अभ्यास अधिकृत नाही.”

“सायेब, उठा,” धोंडुबाई म्हणाली. “जरा पाय मोकळं करू.”

तिनं त्यांना आपल्या घरी नेलं. मागून सगळी ग्रामसभा. साहेबांना भिंतीला टेकवून उभं केलं. रेघ त्यांच्या डोक्यावर हातभर उंच निघाली.

“आता दावा तुमचा गुडघा.”

माणसं पोट धरून हसली. हंबीरराव पुटपुटले, “नाव आधी माझ्याकडं आली, त्यात माझा काय दोष?”

“पर पयल्या फेरीत तुमचा फ्रीज गेला, हंबीरराव. माझी बाळंतीण सून गच्चीवर भिजत व्हती.”

हसू थांबलं. शेवटी हंबीररावच म्हणाले, “लिवा ठराव.”

ठराव झाला : इशारा आधी वस्तीला, शाळा वस्तीला उघडी, नाव वस्तीच्या काठाला. नाव आली तीही इंजिनाशिवाय. धोंडुबाईनं ती आणणाऱ्या शिपायाला विचारलं, “सासरी पाठवलीया का? बाकीचं रुखवत कुठाय?”

पुढच्याच वर्षी पाणी पुन्हा चढलं. सकाळी भोंगा वाजला आणि दुपारपर्यंत वस्ती म्हशींसकट शाळेत पोचली. एकही माणूस गच्चीवर अडकला नाही. धोंडुबाई हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून कोण आलं, कोण नाही, ते ओरडून विचारत होती.

चौथ्या दिवशी बातमी आली, तिचं घर बसलं. मग पदरानं तोंड पुसून तिनं संघप्रियाला हाक मारली.

“पोरी, उंचावर जागा मागायचा अर्ज कसा करत्यात गं?”

“एकटीनं न्हाय करायचा, आज्जी.”

पाणी उतरल्यावर वस्तीतल्या चाळीस बायका ट्रॅक्टरात बसून कोल्हापूरला गेल्या, जिल्ह्याच्या कचेरीत. साहेब जेवायला गेलेत, असं कळल्यावर त्यांनी व्हरांड्यातच भाकरी सोडल्या. जागेचा कागद हातात पडायला तीन वर्षं आणि अकरा फेऱ्या लागल्या. प्रत्येक फेरीला ट्रॅक्टर धोंडुबाईच ठरवायची.