खालचा आवाज

माझा नवरा हातापायांवर रांगत खोलीभर फिरत होता. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि डावा कान जमिनीला टेकेल इतका खाली. एरवी तो ज्या खुर्चीवर बसतो तिथे तांदळाच्या डब्याएवढा एक काळा खोका विराजमान झाला होता आणि त्यातून नुसतं धुम धुम धुम चाललं होतं.

"काय हरवलं?" मी दारातून विचारलं.

"शू. जागा शोधतोय."

"कसली?"

"याला आपल्या जागेवर बसवायचं आणि आपण रांगायचं. जिथे आवाज नीट लागेल तिथे मग याला ठेवायचं. असंच करतात सगळे." कपाटाच्या फटीत डोकं घालून तो म्हणाला, "हसू नकोस."

मी हसत नव्हते. त्या खोक्याला सबवूफर म्हणतात, नुसता खालचा, जाड आवाज काढणारा स्पीकर, आणि तो माझ्या घरात येऊ नये म्हणून तीन महिने मी जिवाचा आटापिटा केला होता.

अनंत आणि मी भांडुपच्या एका औषध कंपनीत होतो. तो पॅकिंग मशीनवर, मी लेबलं लावायला. कंपनी बंद झाली तेव्हा मला मुलुंडच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम मिळालं. अनंतला काही मिळालं नाही. आठ महिने तो नाहूरच्या या घरात दाढी न करता बसून होता. मी कामावर जाताना जिथे बसलेला असायचा, संध्याकाळी तिथेच सापडायचा. शेवटी त्याचा मित्र राजाराम आला. राजारामची गायन पार्टी आहे. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बुद्धपौर्णिमेला तो गातो आणि अनंत पूर्वी त्याच्याबरोबर कीबोर्ड वाजवायचा. राजाराम म्हणाला, "अन्या, घरातच रेकॉर्डिंग चालू कर ना. पहिलं गाणं माझं."

आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या लागल्या, खिडकी बंद झाली, कम्प्युटर आला, दोन छोटे स्पीकर आले. अनंत पुन्हा दाढी करू लागला. गेली बारा वर्षं हे चाललंय. आत रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की घरात मिक्सर बंद, कुकर बंद, पंखा बंद. आमच्या लेकीने, संघमित्राने, दहावीचा अभ्यास ऐन उन्हाळ्यात पंख्याशिवाय केला. मी माझ्याच घरात चोरपावलांनी चालायला शिकले. त्याचं मला काही वाटत नव्हतं. माणूस हाताला परत आला होता.

आणि सहा वर्षांपूर्वी राजाराम दवाखान्यात आला. केसपेपरच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "वहिनी, जरा बाहेर ये."

त्याने सांगितलं, विक्रोळीला जयंतीच्या मंडपात त्याचं नवीन गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं होतं. अनंतने मिक्स केलेलं, म्हणजे गाणं-वाजवणं सगळं एकत्र जुळवलेलं. शब्द एकही कळेना, नुसता गदारोळ. माणसं हसायला लागली, आणि साउंडवाल्याने दुसऱ्याच मिनिटाला गाणं बंद केलं. राजारामने एका जाणकाराला ऐकवलं तर तो म्हणाला, यात ढोलकीचा जाड आवाज इतका चढवलाय की बाकी सगळं त्याच्याखाली गेलंय. चूक साधी होती. अनंतच्या छोट्या स्पीकरना तो खालचा आवाज काढताच येत नाही. कानावर पडत नाही, म्हणून हा आपला तो वाढवत राहायचा.

"मग सांग की त्याला," मी म्हटलं.

"सांगणार होतो. तोंडच उघडलं नाही. तू सांगतेस?"

मला ती आठ महिन्यांची दाढी आठवली. मी म्हटलं, "नको सांगूस."

तेव्हापासून राजाराम दर वेळी आमच्याकडे गातो, कौतुक करतो, "तुझ्याकडे पण राहू दे, माझ्याकडे पण राहू दे, कम्प्युटर उडाला तर?" असं म्हणून सगळे ट्रॅक, गळा वेगळा, ढोलकी वेगळी, असे सुटे सुटे मागून घेतो, आणि वाकोल्याच्या ऋतिका नावाच्या मुलीकडे नेऊन नव्याने मिक्स करून घेतो. वर नाव मात्र, मिक्सिंग : अनंत शेजवळ. गाणं मोबाइलवर आलं की खाली कुणीतरी लिहितं, साउंड एक नंबर. अनंत ते मला मोठ्याने वाचून दाखवायचा. मी म्हणायचे, वा.

सहा वर्षं मी वा म्हणतेय. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

मग या वर्षी त्याच्या डोक्यात सबवूफर शिरला. रोज मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि जेवताना मला शिकवायचा. "माधुरी, मला खालचं काही ऐकूच येत नाही गं. मी अंदाजाने करतोय सगळं. आंधळेपणाने." मी त्याला आणखी भात वाढायचे. मी म्हणायचे, खोली केवढी, खोका केवढा. मी म्हणायचे, खाली द्रौपदीबाई राहतात, त्यांना बीपी आहे. राजारामही म्हणाला, "अरे, इतकं झकास होतंय, कशाला उगाच बोट घालतोस?" अनंतला वाटलं, आम्हाला यातलं कळत नाही म्हणून आम्ही मागे ओढतोय. बिचाऱ्याने कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले होते, घ्यावा आणि घेऊ नये. 'घेऊ नये'च्या रकान्यात सगळी माझी वाक्यं होती.

शेवटी संघमित्राने बंगळुरूहून परस्पर ठरवून टाकलं. घाटकोपरच्या दुकानदाराने आठ दिवस वापरून बघायला खोका घरी पाठवला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी राजारामला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, वाट लागली. कसंही करून परत पाठव." गायचा आवाज एवढा मोठा आणि धीर बघा.

मी खाली द्रौपदीबाईंकडे गेले. म्हटलं, वर या आणि जरा तक्रार करा. त्यांना वाटलं, नवराबायकोचं भांडण आहे, आनंदाने आल्या. अनंतने त्यांना खुर्ची दिली, ढोलकीचा ट्रॅक लावला. द्रौपदीबाई डोळे मिटून ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "छान वाटतंय हो. छातीत लागतं. खालपर्यंत येत नाही काही, अजून वाढवा." असं माझं नशीब.

तर तो रविवारी रांगत होता, आणि दुपारपर्यंत त्याला जागा सापडली. माझ्या शिलाई मशीनचा कोपरा. मशीन बाहेर आलं, खोका आत गेला.

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. आतून आधी मागच्या वर्षीचं गाणं लागलं, कम्प्युटरवरचं, त्याने स्वतः केलेलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मलासुद्धा कळलं. ओली गादी धोपटावी तसा आवाज, आणि त्याच्या मागे कुठेतरी राजाराम. अनंतने गाणं थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं. मग त्याने तेच गाणं मोबाइलवरचं लावलं, लोकांनी ऐकलेलं.

ते स्वच्छ होतं. ढोलकी ढोलकीच्या जागी, राजाराम पुढे, शब्दन् शब्द सुटा.

पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. एकेक ओळ घेऊन तो दोन्ही लावत होता. मी मेथीची पानं टाकून देठं ताटात ठेवत होते, ते माझ्या किती तरी वेळाने लक्षात आलं. बारा वर्षं लोक म्हणत आले, अनंताचा कान म्हणजे कान. तो खराच होता. फक्त त्याला ऐकायला काही मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेव्हा हे मिळालं. मला त्या काळ्या खोक्याचा राग आला, राजारामचा आला, माझा तर इतका आला की ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. मी मेथी धुतली.

तो तासाभराने बाहेर आला.

"राजाराम कधी येतोय?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी म्हणाला होता. का रे?"

"काही नाही. सहज."

सोमवारी त्याने खोका थर्माकोलसकट पुन्हा त्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीत घातला, रिक्षात टाकला आणि घाटकोपरला देऊन आला. संघमित्राचा फोन आला. "बाबा, का परत केलात? काय प्रॉब्लेम होता?"

"प्रॉब्लेम काही नाही गं. चीज एकदम मस्त होती. आपली खोली लहान आहे."

मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होते, आणि सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. वाटलं, त्याने स्वतःची काहीतरी समजूत घातली असेल. गाणं मोबाइलवर चढवताना कंपनीवाले आवाजाला काहीतरी करतात, म्हणून ते वेगळं लागतं, असं राजाराम पूर्वी त्याला सांगायचा. तेच धरून बसला असेल. माणसाला वाटून घ्यायचं असलं की काहीही वाटतं.

रविवारी राजाराम आला, गळ्यात मफलर, बगलेत गाण्याची वही. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. मी मान हलवली, गेला म्हणून. त्याचा चेहरा खुलला.

लाल दिवा लागला. एरवी दोन वेळा गाऊन घेतलं की अनंत "बस, झालं" म्हणतो. त्या दिवशी तो सोडेना.

"पुन्हा."

"अरे, मस्त गेला की!"

"'मैत्री'तला 'त्री' चिरला. पुन्हा घे."

सात वेळा घेतलं. माईक दोनदा बोटभर हलवला, राजारामला चपला काढायला लावल्या, वहीचं पान उलटताना आवाज होतो म्हणून वहीची पानं सुटी करून समोर चिकटवली. मी बाहेर बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्याला असं काम करताना मी पाहिलं नव्हतं.

संपल्यावर राजाराम घाम पुसत बाहेर आला. "मग? मिक्स कधी देतोस?"

"मिक्स मी करत नाही," अनंत म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, हार्मोनियम वेगळी, सगळं यात सुटं आहे. नावं टाकलीत." त्याने पेन ड्राइव्ह राजारामच्या हातात ठेवला. "ज्याच्याकडे नेतोस त्याला दे. आणि सांग, दुसऱ्या कडव्याच्या आधी तुझा श्वास आहे, तो कापू नको म्हणावं. मागच्या वेळी कापला होता. ओळ लंगडी पडली तिथे."

"कोण? कुणाकडे नेतो मी? काय बोलतोयस अन्या..."

"आणि खाली नाव त्याचं घाल. माझं फक्त रेकॉर्डिंगला."

अनंत हे सगळं राजारामचा खांदा धरून, समजुतीने बोलत होता. एकदाही आवाज चढला नाही. मला वाटतं, तो त्याला माफ करूनच मोकळा झाला होता. मित्र आहे, गाणं त्याचं, मंडपात हसं त्याचं झालेलं. ते त्याने आठवडाभरात गिळलं असणार. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण राजाराम गडबडला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

नुसतं पाहिलं. वहिनी, आता काय सांगू, असं. आणि अनंतने त्याला माझ्याकडे पाहताना पाहिलं.

मग मी काही लपवू शकले असते असं नाही. अनंत सावकाश माझ्याकडे वळला. राजाराम चपला हातात घेऊनच जिना उतरला, तो खाली गेल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"कोण आहे तो?" अनंतने विचारलं.

"मुलगी आहे. ऋतिका. वाकोल्याला असते."

"किती वर्षं?"

"सहा."

तो मान हलवत राहिला, हिशेब जुळल्यासारखा. मला खूप सांगायचं होतं. तू दाढी करत नव्हतास, मला भीती वाटली, मी तुझ्यासाठीच केलं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या लायकीचं नव्हतं. तो आत गेला आणि माईकची वायर गुंडाळायला लागला. कोपराला एक वेढा, पंज्याला एक वेढा.

"चांगलं करते," तो वायरकडे बघत म्हणाला. "खरंच चांगलं करते ती मुलगी."

मी दारात उभी होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "जेवायला वाढू?"

"वाढा," तो म्हणाला.

बत्तीस वर्षांत त्याने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.