होस्टेलपर्यंत ओढलेली केबल

अठ्ठ्याण्णव साली कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब मुलांना रात्री नऊपर्यंत उघडी असे. मुलींना मात्र संध्याकाळी सहालाच तिथून उठावं लागे. कडेगावची प्रियंका मोहिते रोज प्रोग्रॅम अर्धाच टाकून होस्टेलवर परते.

लॅबच्या प्रमुख आम्रपाली कांबळे मॅडमही याच नियमात शिकल्या होत्या. अडगळीच्या खोलीत हार्डडिस्क गेलेले जुने कॉम्प्युटर पडून होते. मॅडमनी ते मुलींच्या होस्टेलच्या वाचनखोलीत मांडले आणि लॅबमधल्या मोठ्या सर्व्हरपासून मेसच्या भिंतीवरून तिथवर केबल ओढली.

"ह्यांच्यात काही साठत नाही," त्यांनी मुलींना सांगितलं. "पडदा इथं, काम सगळं त्या मोठ्या मशीनवर. आपलं नाव टाका, लॅबमधलं सगळं इथं दिसेल."

प्रियंकानं नाव टाकलं. संध्याकाळी अर्धा सोडलेला प्रोग्रॅम समोर उघडला. ती एवढ्यांदा ओरडली, की होस्टेलच्या रेक्टर लीलाबाई धावत आल्या.

प्राचार्यांच्या कानावर गोष्ट गेली. त्यांनी मॅडमना बोलावलं.

"होस्टेलात कॉम्प्युटर कशाला? पोरी त्यावर काय करतात, कोण बघणार?"

"लॅबमध्ये मुलं काय करतात, ते कोण बघतं, सर?"

"ते वेगळं. केबल काढून टाका."

"मी नाही काढणार. दुसऱ्या कुणाला सांगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजचा वायरमन बिराप्पा पक्कड घेऊन मेसच्या भिंतीशी उभा राहिला. बातमी लॅबमध्ये पोचली. सहा वाजले, पण एकही मुलगी उठली नाही. प्राचार्य स्वतः आले.

"उठा! वेळ संपली."

प्रियंका उभी राहिली. रागात तिच्या तोंडी गावची बोली आली. "केबल तोडली, तर आमी हितनं हलणार न्हाई, सर."

"वडिलांना बोलावून घेईन तुझ्या!"

"बोलवा की. मिल्ट्रीत हुते त्ये. पोरगी काम टाकून का उठली न्हाई, त्ये तुमीच सांगा त्यास्नी."

कुणी हसलं नाही. सगळ्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. प्राचार्य दारातच उभे राहिले. अंधार पडायला लागला, तशा लीलाबाई तणतणत आल्या.

"सर, मेसात जेवणं खोळंबलीत. ऱ्हाऊ द्या ती केबल! निदान पोरी माझ्या नजरेसमोर तरी बसतील."

प्राचार्यांनी बिराप्पाला परत जायला सांगितलं आणि ते निघून गेले. बिराप्पानं पक्कड खिशात घातली. पोरी आपणहून उठल्या.

सहाचा नियम काही बदलला नाही. पुढच्या सत्रात मॅडमकडून लॅब काढून घेतली. नव्या प्रमुखांच्या हातात किल्ल्या देताना मॅडम म्हणाल्या, "अडगळीत अजून मशीनं पडलीत, सर. होस्टेलच्या वरच्या मजल्याला लागतील. मी उद्या येते न्यायला."

आणि त्या आल्या. सोबत प्रियंका होती, आणि बिराप्पाची हातगाडी.