रिकामं झालेलं नाव

“तुम्ही फसवलंत आम्हाला. सरळसरळ फसवलंत. बहिरं कुत्रं गळ्यात मारलंत आणि वर पाठीवर हात ठेवून फोटो काढलात.”

नवरा उभ्याउभ्या फोनवर बोलत होता. उभं राहून बोललं की मोठ्या साहेबापर्यंत आवाज पोचतो, अशी त्याची समजूत होती. पलीकडे कुत्र्यांच्या निवाऱ्यातला कोणी अधिकारी होता. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं.

ती टेबलाशी बसून सासूबाईंच्या चष्म्याची सैल झालेली दांडी आवळत होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं रोजचं काम. घरीही कोणाचं ना कोणाचं काही निघायचंच. कुत्रं टेबलाखाली, तिच्या पायावर हनुवटी टेकून पडलं होतं.

“नाव? मेजर. मेजर म्हणूनच हाका मारतोय तीन दिवस. ढिम्म हलत नाही. काय? अहो, ते जुनं राहू द्या बाजूला. ढब्बू हे काय नाव झालं?”

टेबलाखाली कुत्र्याचे दोन्ही कान उभे राहिले. ते तिला पायाला जाणवलं. तिने वर पाहिलं नाही.

नाव बदलायचं खरं कारण नवऱ्याने फोनवर सांगितलं नाही. खरं कारण दोन मजले वर राहत होतं. नवऱ्याच्या कचेरीतला त्याचा साहेब वरच राहायचा, आणि अख्खी कचेरी त्याला पाठीमागे ढब्बू म्हणायची. हे त्यालाही माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुत्रं घरी आलं त्याच संध्याकाळी मुलगी जिन्यात ओरडली होती, “ढब्बू, मुकाट्याने वर चल, नाहीतर फटके देईन!” आणि साहेब कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होता. तो एका पायरीवर थांबला. मग खाली गेला. वर्षअखेरची बढत्यांची यादी अजून लागायची होती. नवरा त्या रात्री नीट जेवला नाही.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर नवीन नाव ठरलं. मुलगी म्हणाली, चॉकलेट. नवरा म्हणाला, कुत्रं आहे, मिठाईचं दुकान नाही. शेवटी मेजर ठरलं. सासूबाईंना फार मजा वाटली.

“बरोबरच आहे,” त्या हसत म्हणाल्या. “एका जिन्यात त्याच नावाचे दोघे कसे चालतील?”

तिचा हात वाढता वाढता भातावर थांबला. हे वाक्य तिने ऐकलं होतं. एका शब्दाचा फरक होता, तेव्हा जिन्याच्या जागी घर होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याच नावाची नणंद अजून घरात होती. चहाचे कप रिकामे व्हायच्या आत सासूबाईंनी तिला दुसरं नाव देऊन टाकलं. कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही, कोणी विचारलंही नाही. दोन वर्षांनी नणंद नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. नाव रिकामं झालं. ते जिचं होतं तिला परत करावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिचे वडील होते तोवर फोनवर ते नाव कानावर यायचं. मग तेही गेले.

नवऱ्याने फोन ठेवला.

“आठवड्याने त्यांचा माणूस येणार. नावाला ओ दिली तर ठीक, नाहीतर घेऊन जाईल म्हणतो.”

“मग तिथे परत दुसरं कोणीतरी नेईल ना?” मुलीने विचारलं.

“परत आलेल्यांना मागच्या बाजूला ठेवतात. तिथून कोणी नेत नाही म्हणे.” हे सांगताना त्याने खिडकीबाहेर पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त दोन मजले वरची भीती होती, आणि असली भीती माणसाकडून वाईट माणसाइतकंच करून घेते.

“त्यात काय एवढं?” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यावर सोपवा. जुनं नाव कोणीही तोंडातून काढायचं नाही. आणि ओ दिल्याशिवाय ताटली पुढे सरकवायची नाही. हिला नाही का चार दिवसांत सवय झाली?”

मुलीने चमचा खाली ठेवला. “कोणाला? आईला? आई, तुझं पण नाव बदललंय?”

“तुझ्या आत्याचंच नाव होतं माझं.”

“आत्याचं?” मुलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शी! तुला ते अजिबात शोभत नाही.”

सगळे हसले. तीही हसली. चष्म्याचा स्क्रू घट्ट बसला होता, तरी ती तो फिरवत राहिली, इतका की काच करकरली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर ताटली, हातात चमचा. “मेजर!” म्हणायच्या आणि चमचा ताटलीवर वाजवायच्या. पहिल्या दिवशी कुत्रं नुसतं बघत राहिलं. दुपारपर्यंत ते उपाशी होतं. संध्याकाळी उठून आलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“आला! बघ, आला की नाही? पोटाला कळतं सगळं.”

सकाळची पाळी तिची असायची. घर अजून झोपलेलं असताना ती ओट्याशी बसून दुधात ब्रेड कुस्करायची. तिने एकदाही जुन्या नावाने हाक मारली नाही. तिला कुत्रं घरात हवं होतं, बाकी काही नाही. दुकानातून आल्यावर दारामागे शेपटी आपटल्याचा आवाज यायचा. या घरात ती आल्याचा आवाज त्याआधी कधी कोणी केला नव्हता.

“मेजर,” ती हळू म्हणायची आणि चमचा वाजवायची. ते यायचं. खाऊन झाल्यावर ती त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायची. “घे ना रे नाव. काय जातंय तुझं? नुसती ओ द्यायची. बाकीचं मागाहून होतं. होते सवय.”

कुत्रं तिच्याकडे एकटक बघायचं. मग ती ताटली धुवायला उठायची.

आठवड्याच्या शेवटी मेजर म्हणत चमचा वाजवला की कुत्रं घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येऊ लागलं. नवऱ्याने कचेरीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सासूबाई शेजारणीला सांगत सुटल्या, “कोणाचंही नाव द्या माझ्याकडे, बदलून देते.”

निवाऱ्यातला माणूस आला तो गमबूट घालूनच. अंगाला फिनेलचा वास. दारातच बूट काढायला वाकला, तसं कुत्रं त्याच्या अंगावर उड्या मारू लागलं. त्याने त्याला प्रेमाने ढकललं, कान चोळले, पण नाव घेतलं नाही. तेवढी समज त्याला होती.

“मारा हाक साहेब.”

नवऱ्याने शर्ट नीट केला. कुत्र्याला खोलीच्या त्या टोकाला बसवलं, स्वतः या टोकाला आला, आणि कचेरीत बोलायच्या आवाजात म्हणाला, “मेजर!”

कुत्र्याने जांभई दिली.

“मेजर! इकडे ये. मेजर, चल.”

काही नाही. मुलीने हाक मारली. काही नाही. सासूबाई खुर्चीतून पुढे झाल्या. “अरे, असं नुसतं काय बोलावतोस? चमचा वाजव!”

तिने स्वयंपाकघरातून ताटली आणून दिली. नवऱ्याने चमचा वाजवला. कुत्रं एका झेपेत त्याच्या पायाशी.

“हे बघा!” नवरा म्हणाला.

तो माणूस हसला नाही. त्याने नवऱ्याच्या हातातून चमचा घेतला आणि तोंडाने काहीही न बोलता ताटलीवर वाजवला. कुत्र्याने शेपटी हलवली, वर पाहिलं.

“चमच्याला येतोय हो तो. नाव ऐकलंच नाही त्याने कधी.” मग जरा थांबून, अगदी हळू, तो म्हणाला, “ढब्बू.”

कुत्रं त्याच्या छातीपर्यंत उडालं.

आठवडाभर एवढी मेहनत करून घराने कुत्र्याला फक्त ताटली शिकवली होती, आणि हे घरातल्या प्रत्येकाला एकदमच कळलं. सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

“जुनंच नाव ठेवा की,” माणूस म्हणाला. “काय बिघडतं?”

“नाही जमणार.” नवऱ्याने नकळत छताकडे पाहिलं. “कारणं आहेत. तुम्ही घेऊन जा.”

“बाबा!”

“तू आत जा. त्यांच्याकडे चांगली काळजी घेतात त्याची.”

निवाऱ्यातल्या माणसाने खांद्यावरच्या पिशवीतून दोरी काढली. “त्याची चादर असेल तर द्या बरोबर. वासाने जरा शांत राहतात.”

चादर बाल्कनीत होती. आणायला ती आधीच गेली होती, आणि कुत्रं तिच्या मागोमाग गेलं होतं. चादर जमिनीवर पसरलेली होती. ती उचलायला वाकली आणि वाकली तशीच त्यावर बसली. कुत्रं येऊन तिच्या गुडघ्याला टेकून बसलं.

आतून नवऱ्याने हाक मारली. घरातल्या नावाने, ते सासूबाईंनी दिलेलं.

तिने ऐकलं. खाली रस्त्यावर एक बाई पोराचं दप्तर ओढत चालली होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

पुन्हा हाक आली. मग सासूबाईंची, जरा वरच्या पट्टीत. मग पुन्हा नवऱ्याची. कुत्र्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

नवरा बाल्कनीच्या दारात आला. त्याच्या मागे दोरी घेतलेला माणूस, त्याच्या मागे मुलगी.

“अगं, केव्हाच्या हाका मारतोय!”

“कोणाला?”

तो थोडंसं हसला, मागच्या माणसाकडे बघून. “कोणाला म्हणजे? तुला.”

“ते तुमच्या आईने दिलेलं नाव. मला माझं नाव आहे.”

“आता हे काय मधेच? तो माणूस खोळंबलाय.”

“चौदा वर्षं मीही खोळंबलेच आहे.”

नवऱ्याचा आवाज खाली आला. “हे बघ, ते नाव तोंडात आलं की मला ताई आठवते. कसं म्हणू मी तुला ते?”

“ते ताईंचं आहे. माझंही आहे. मी घेऊन आले होते ते इथे, कपड्यांबरोबर.” ती उठली नाही. चादरीची कड तिने गुडघ्याखाली दाबून धरली होती. “याला न्यायचं की ठेवायचं, ते नंतर बघू. आधी मला हाक मारा.”

सासूबाई आतून विचारत होत्या, काय झालं, काय म्हणते ती. मुलगी त्या माणसाच्या बाजूने पुढे आली आणि बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. निवाऱ्यातल्या माणसाने दोरी मुठीत गुंडाळून घेतली होती.

“मारा की,” ती म्हणाली. “काय नाव आहे माझं?”