गुळगुळीत तळ

जुना चिकटा खरवडताना बर्फावर घसरायच्या स्कीच्या तळातून काय निघेल याचा नेम नसतो. शिकायला आलेल्या हेनिंगच्या स्कीतून त्या शनिवारी पाइनच्या सुया निघाल्या, कुत्र्याचे पांढरे केस निघाले आणि एक अख्खी मेलेली माशी निघाली. राखाडी लगद्यात ती अशी रुतली होती की तिचे पाय तेवढे वर दिसत होते.

"ही गेल्या वर्षीची आहे," हेनिंग म्हणाला. "आस्लाउग, हिला पण टर्पेंटाइन लावू?"

"तिला नको, तळाला लाव. आणि फडकं एकाच दिशेने फिरव. मागेपुढे घासलंस तर घाण जात नाही, नुसती पातळ होऊन पसरते."

आस्लाउग एकोणसत्तर वर्षांची होती. गावच्या शाळेत तिने छत्तीस वर्षं शिकवलं होतं आणि त्यातली बहुतेक वर्षं, मार्च सरायला आला की, ती आपल्या गॅरेजात चार लाकडी घोड्या मांडून मुलांना स्की तयार करायला शिकवत होती. पण चिकट्याची शिसारी काही गेली नव्हती. मेणाची गोष्ट निराळी. स्कीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला इस्त्रीने मेण लावायचं, गार झालं की पट्टीने खरवडायचं. खोबऱ्याच्या किसासारखं ते खाली पडतं, केरसुणीने गोळा केलं की काम संपलं. पण बर्फ दिवसा वितळून रात्री गोठायला लागला, की पायाखालच्या हातभर पट्ट्यात मेण टिकत नाही. तिथे ट्यूबमधला चिकटा लागतो, नाहीतर चढावर पाय मारला की माणूस मागे घसरतो. हा चिकटा एकदा घरात शिरला की दाराच्या मुठीवर असतो, मांजराच्या पाठीवर असतो, आणि तीन दिवसांनी उशीच्या अभ्र्यावरही सापडतो.

"शेंबूड आहे हा," टिरिल म्हणाली. ती आस्लाउगची नात, अकरा वर्षांची. "गोष्टीतल्या ट्रोल राक्षसाचा शेंबूड."

"ट्रोलचा असता तर फुकट मिळाला असता. ट्यूब शेगडीपाशी धर, मऊ होऊ दे. आता तिरप्या रेघा काढ, माशाच्या काट्यासारख्या. बारीक. अजून बारीक. आता हात."

हातच लागतो. तळहाताच्या मनगटाकडच्या फुगीर भागाने तो चिकटा पसरून सारखा करायचा, दुसरा उपाय नाही. टिरिलने डोळे मिटून हात टेकवला आणि घशातून असा आवाज काढला की हेनिंग हसत खाली बसला.

"डोळे उघड. न बघता केलंस तर दोनदा करावं लागतं."

"गरम आहे. आणि ओढतोय मला."

"ओढतोच तो. म्हणूनच लावतो आपण. हलका हात, पुढच्या टोकाकडे ने."

टिरिलचा हात हलका नव्हता. ती अंगठा जास्त दाबायची, त्यामुळे उजव्या कडेला एक बारीक वरंबा उठायचा. हेनिंग घाई करायचा, त्याच्या तळावर बुडबुडे राहायचे. वहीतलं अक्षर बघून कोणत्या मुलाचं ते ओळखावं तशी आस्लाउग तळ बघून हात ओळखायची. वरंबा तिने दुरुस्त केला नाही. कधीच कुणाचा केला नव्हता. उद्याच्या शर्यतीचा नियमच तो होता: मोसमातली ही शेवटची शर्यत मुलांनी स्वतः तयार केलेल्या स्कीवर धावायची, मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. तिशी उलटलेली माणसंसुद्धा दुकानाच्या दारात भेटली की त्या वर्षी आपला चिकटा कसा फसला ते सांगत.

टिरिलच्या दृष्टीने उद्याचा दिवस आणखी एका कारणाने मोठा होता. अकरा वर्षांहून लहान मुलांची वेळ घेत नाहीत. सगळ्यांना सारखंच बक्षीस मिळतं आणि सगळे सारखेच. अकराव्या वर्षापासून वेळ नोंदतात, आणि स्की क्लबच्या खोलीच्या भिंतीवर यादीत नाव लागतं. टिरिलने महिनाभर त्या यादीचा विषय काढला होता. पहिली यायचं असं ती म्हणत नव्हती. "मधे कुठेतरी," ती म्हणायची, "पण माझं माझं."

दुपारी स्टाइनार, तिचा बाप, गाडी घेऊन आला. खरं तर स्की रात्रभर गॅरेजातच राहायच्या, तीच पद्धत. पण तो म्हणाला, "आई, हिच्या स्कीवरची बुटाची पकड सैल झालीये. घरी नेऊन स्क्रू आवळतो, सकाळी घेऊन येतो."

"इथेच आवळ की."

"तुझ्याकडचा स्क्रूड्रायव्हर बाबांच्या वेळचा आहे. सोड ना."

आपला मुलगा आहे, म्हणून आस्लाउगने सोडलं.

रविवारी सकाळी मैदान काचेसारखं कडक होतं. फक्त जंगलातल्या वाटेवर, झाडांच्या सावलीत, पहाटे पडलेला बोटभर भुसभुशीत बर्फ होता. मुलं अर्ध्या अर्ध्या मिनिटाने सुटणार होती. पहिलं अकरा वाजता. दहा चाळीसला आस्लाउग नेहमीप्रमाणे रांगेतून एकेक स्की उलटी करून बघत निघाली. हेनिंगचे बुडबुडे जागच्या जागी होते. तिने त्याच्या टोपीवर टपली मारली आणि टिरिलची स्की उलटली.

तळ आरशासारखा होता. वरंबा नाही, बोटाचा ठसा नाही, केस नाही. दोन थर, खालचा निळा, वरचा जांभळट, आणि शेवटाला हात हळूच उचलून पुढच्या टोकाकडे विरत नेलेला. ही उचल आस्लाउगची स्वतःची होती. तिने ती आयुष्यात एकाच माणसाला हात धरून शिकवली होती, आणि तो नऊ वर्षांचा असताना.

कुणीतरी आपला टूथब्रश वापरून परत पेल्यात ठेवावा, तसं तिला वाटलं.

"टिरिल, हे कोणी केलं?"

टिरिलने बुटाच्या टोकाने बर्फ उकरला. "बाबाने."

"तू होतीस तिथे?"

"मी जेवत होते. खाली गेले तर झालेलं होतं. तो म्हणाला, तुझं खडबडीत राहिलंय, चढावर मागे येशील." ती थांबली. "तुला सांगू नको म्हणाला."

स्टाइनार चहाच्या टेबलापाशी उभा होता, बटाट्याच्या पोळीत गुंडाळलेला सॉसेज खात. आईचा चेहरा बघून त्याने घास गिळला.

"आलं लक्षात," तो म्हणाला. "एवढं काय आभाळ कोसळलं?"

"मुलीचं काम पुसून टाकलंस तू."

"सुधारलं. सगळेच बाप करतात, तुला फक्त ओळखता येत नाही, कारण त्यांना तू ती उचल शिकवलेली नाहीस."

"तोंड पूस. मोहरीची चटणी लागलीये."

त्याने तोंड पुसलं. "तीस वर्षांपूर्वी मी इथेच शेवटून दुसरा आलो होतो. माझा चिकटा चुकलाय हे तुला आदल्या दिवशी दिसत होतं. दिसत होतं ना? तू बघितलंस आणि गप्प बसलीस. माझी मुलगी त्या यादीत तशी लागायला नको, बस."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते असं, सॉसेजच्या वासात, पोरांच्या गर्दीत ऐकताना तिला त्याचा राग येण्याऐवजी किळस आली. आणि ती नेमकी कशाची, ते बघायला वेळ नव्हता. ती टिरिलकडे परत गेली.

"हे बघ. या स्कीवर धावायचं तर धाव, पण नाव यादीत लागणार नाही. यादीत यायचं तर हे काढून तुला तुझं लावावं लागेल. वेळ मोजणाऱ्या ओड्वारला सांगून तुला शेवटचा नंबर मिळेल, अकरा वाजून सात मिनिटं. तुझं तू ठरव."

अकरा वर्षांच्या मुलीने, आजी अशा चेहऱ्याने समोर उभी असताना, काय ठरवायचं असतं?

"पट्टी दे," टिरिल म्हणाली.

वेळ मोजणाऱ्यांच्या खोलीत हीटर होता. टिरिलने स्की दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि खरवडायला लागली. बापाचा चिकटा चांगला बसला होता, सुटता सुटेना. तो लांब तारांनी निघायचा, तारा पट्टीवरून मनगटावर, मनगटावरून बाहीवर. तिने फडक्याने पुसला तर फडकंच बोटांना चिकटून वर आलं. कोंदट खोलीत टर्पेंटाइनचा वास भरला. नाकातून पाणी आलं ते तिने कोपराने पुसलं, आणि कोपरावरचा चिकटा गालाला लागला. काल घशातून आवाज काढत होती, आज दात आवळले होते.

आस्लाउग दाराशी हात मागे बांधून उभी होती. हात लावायचा नाही. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"एका दिशेने," ती एकदा म्हणाली.

"माहितीये."

तळ स्वच्छ झाला तेव्हा अकरा वाजायला दोन मिनिटं होती. टिरिलने हीटरवर ट्यूब गरम केली, रेघा मारल्या, हात फिरवला. वरंबा उठला, उजव्या कडेला, कालच्याहून जाड. दुसरी स्की. अकरा वाजून पाच मिनिटं.

आता खरं तर स्की बाहेर सावलीत उभ्या करून पंधरा मिनिटं विसरून जायला हवं होतं. गरम चिकटा भुसभुशीत बर्फावर नेला तर तो बर्फ पकडतो, पकडलेला बर्फ गोठतो, गोठलेल्यावर आणखी बसतो. गावातल्या सहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. आस्लाउगने ते किमान चारशे मुलांना सांगितलं असेल. तिने तोंड उघडलं. थांब, असू दे, यादी गेली खड्ड्यात, एवढंच म्हणायचं होतं. मग तिचं लक्ष फरशीवर पडलेल्या फडक्याकडे गेलं, त्याला चिकटलेल्या निळ्या-जांभळ्या लगद्याकडे, आणि पुन्हा तीच शिसारी आली. ती घाण गेली, बरं झालं, एवढंच तिच्या मनात राहिलं.

"पळ," ती म्हणाली.

टिरिल पळाली.

मैदानावरचे पहिले दोनशे मीटर ती छान गेली. कडक बर्फावर चिकटा धरतो. मुलगी चढ असा चढली की बाजूला उभ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मग ती झाडांत शिरली.

तीन किलोमीटरच्या शर्यतीला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. हेनिंग आला, मांडीवर हात ठेवून वाकून उभा राहिला. एकेक करून तेरा मुलं आली. अकरा पंचवीस. अकरा तीस. ओड्वारने घड्याळाकडे आणि मग आस्लाउगकडे बघितलं.

"नक्की गेली ना ती?" त्याने विचारलं.

"गेली."

स्टाइनार झाडांच्या दिशेने चार पावलं पुढे गेला.

अकरा बत्तीसला टिरिल झाडांतून बाहेर आली. ती घसरत नव्हती, चालत होती. प्रत्येक पायाखाली बर्फाचा एवढा गोळा बसला होता की ती उंच टाचांच्या बुटांवर चालल्यासारखी डुलत होती. दर चार पावलांना थांबून ती एक स्की दुसरीवर आपटायची, थोडा बर्फ पडायचा, लगेच नवा बसायचा. खाली उताराला सगळे घसरतात, ती उतारसुद्धा पाय उचलून चालली. बायांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, ज्या टाळ्या शेवटच्याला वाजवतात त्या. टिरिलने रेघ ओलांडली, कुणाकडे बघितलं नाही, आणि क्लबच्या खोलीमागे जाऊन बसली.

आस्लाउग आणि स्टाइनार दोन बाजूंनी तिथे पोचले.

"झालं समाधान?" स्टाइनार आईला म्हणाला.

"तू सुरुवात केलीस."

"आणि तू शेवट केलास. पंधरा मिनिटं गार करायचं हे पोरांना कोण सांगतं गावात?"

"गप्प बसा दोघं," टिरिल म्हणाली.

तिने स्की मांडीवर उलटी घेतली होती. गोळा दगडासारखा झाला होता, त्यात पाइनच्या सुया, झाडाची साल, कुठल्यातरी कुत्र्याचं पिवळं काहीतरी. स्टाइनारने वाकून हात पुढे केला. आस्लाउगनेही केला. मुलीने स्की छातीशी ओढली. कोटाला सगळं लागलं, तिला त्याचं काही वाटलं नाही.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कोणीच."

ती पट्टीने गोळा फोडू लागली. दोघं बाजूला उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. बऱ्याच वेळाने आस्लाउग तिच्याजवळ उकिडवी बसली, गुडघे कुरकुरले.

"ईस्टरला डोंगरावर जाऊ तेव्हा," ती हळू म्हणाली, "आपण नीट, वेळ काढून—"

"मी तिथे लाकडं ठेवतात त्या खोपटात करीन. एकटी. दार लावून."

"बरं. फक्त लक्षात ठेव, चिकटा गार व्हायला—"

"मला माहितीये, आजी." टिरिलने पट्टीवरची घाण बर्फावर झटकली. "तेव्हाही माहीत होतं. मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू फडक्याकडे बघत होतीस."

पलीकडे ओड्वार टाचण्या तोंडात धरून भिंतीवर यादी लावत होता. चौदा नावं. स्टाइनारने तिकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. टिरिल उठली, हात कोटाला पुसले, त्याने ते आणखीच बरबटले, आणि यादीपाशी जाऊन सगळ्यात खालची ओळ वाचत उभी राहिली. वेळ दोनदा वाचली. मग स्की खांद्यावर टाकून ती रस्त्याला लागली. घर दोन किलोमीटर होतं. बापाने गाडीचं दार उघडून धरलं होतं; ती त्याच्यासमोरून गेली.

आस्लाउग उकिडवी होती तिथेच होती. उठायला तिने खोलीच्या भिंतीला, टिरिलने टेकलं होतं तिथे, हात लावला, आणि तो तिथेच चिकटला.