एका बाजूला जयगड, दुसऱ्या बाजूला गणपतीपुळे

मी बसचा बोर्ड बोलतोय. तो दिवस बुधवार होता की गुरुवार, हे मला नक्की आठवत नाही. जे नक्की आठवतं असं वाटतं, त्याचाही आता भरवसा धरवत नाही.

रत्नागिरीतल्या एका पेंटरने मला रंगवलं. पिवळा पत्रा, काळी अक्षरं. एका बाजूला ‘जयगड’, दुसऱ्या बाजूला ‘गणपतीपुळे, आरे-वारे मार्गे’. फेरी असेल ती बाजू बाहेर करून कंडक्टर मला पुढच्या काचेत उभा करायचा.

तिथून मी माणसं पाहिली, आणि त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं झालं नाही. रेल्वेने येणारे पाहुणे स्टेशनवर उतरताच समुद्र शोधतात. शहरच तिथून लांब आहे, हे त्यांना रिक्षावाला सांगतो. मग स्टँडवर येऊन बॅगांवर बसतात आणि गाडी भाड्याने का नाही केली यावरून भांडतात. शेवटी माझ्यासमोर उभे राहतात, मला मोठ्याने वाचतात आणि विचारतात, “ही गणपतीपुळ्याला जाते का?” जितका शिकलेला माणूस, तितक्या जास्त जणांना विचारतो. मग मला रंगवलं कशाला?

त्या सकाळी मी ‘जयगड’ दाखवत उभा होतो. मासे विकून रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेली गुणवंती बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “जयगडास जाते ना रे ही?”

“नाय गे मावशी, ही पुळ्याची.”

“मग बोर्ड कसला लावलायस?”

“मागच्या फेरीचा राहिला. रघू चहाला गेलाय, तो येऊन फिरवील.”

“तुझे हात काय पुळ्याला गेलेत?”

ड्रायव्हर हसला. बोर्ड फिरवणं कंडक्टरचं काम, म्हणून त्याने मला बोटही लावलं नाही.

गुणवंती उतरत असताना एक मुलगी चढत होती. सानवी तिचं नाव, कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून आलेली. हातात फाइल. जयगडच्या बंदरात अकरा वाजता नोकरीची मुलाखत होती, हे तिने नुकतंच आईला फोनवर सांगितलं होतं.

“ही गाडी खंय जाता ता विचारून घे गो बाय,” गुणवंती म्हणाली.

“मी वाचलंय, मावशी.”

मला वाचा नाही. पण त्या क्षणी असती, तरी मी बोललो असतो का, याची खात्री मी देत नाही. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर पहिल्यांदाच कुणी विसंबलं होतं. मला ते फार आवडलं.

रघू आला, त्याने घंटी मारली, मला विसरला. गर्दीतून तिकिटं फाडत तो सानवीपर्यंत पोचला, तेव्हा बस आरे-वारेच्या चढाला लागली होती.

“एक जयगड.”

“जयगड? ही पुळ्याची गाडी, ताई.”

“बोर्डावर जयगड आहे.”

“बोर्डाचं काय घेऊन बसलात? विचारायचं ना कुणाला तरी.”

मागचे पाहुणे हसले. तेच, जे चढताना चार जणांना विचारून चढले होते. सानवी गणपतीपुळ्याला उतरून रिक्षाकडे धावली, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रघूने मला तिथे फिरवलं.

पुढे काय झालं, मला कळलं नाही. मी तिची नोकरी घालवली, हे धरूनच मी पुढची वर्षं काचेत उभा राहिलो. आता बसवर दिव्यांची अक्षरं पळतात आणि मी वर्कशॉपमध्ये ऑइलच्या पिंपावर झाकण म्हणून पडलोय. रत्नागिरीला येणाऱ्यांनो, त्या पळत्या अक्षरांवरही विश्वास ठेवू नका. तुम्ही ठेवणार नाहीच म्हणा.

गेल्या वर्षी निवृत्त होण्याआधी रघू मेकॅनिकजवळ येऊन बसला आणि त्या दिवसाची गोष्ट सांगू लागला. सानवी तेव्हा त्याच्याच बसने बंदरात कामाला जायची, तिनेच त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी अकराला मुलाखत झालीच नव्हती. मुलाखत घेणारे मुंबईचे साहेब फोनमधल्या नकाशावर विसंबून गुहागरकडून आले आणि जयगडच्या खाडीपलीकडे फेरीबोटीची वाट बघत बसले. सानवी बंदराच्या फाटकावर बाराला पोचली. साहेब एक वाजता.